मालवाहू यानाची चोवीस पानं

पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी नेरच्या शाळेत आठवीचे पेपर तपासत होते. अंतराळावरच्या एका गाजलेल्या चित्रपटमालिकेवर मराठी कॉमिक्स निघणार होती. त्यातली एक गोष्ट लिहाल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर एकाच पेपरला दोनदा मार्क दिले.

ते चित्रपट मी लहानपणी आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावर, तिथल्या एकुलत्या टीव्हीवर हिंदीत पाहिले होते. दुसऱ्या भागातल्या लढाईपाशी दर वेळी लाइट जायची. त्या लढाईत कोण जिंकलं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मी हो म्हटल्यावर चित्रपटवाल्यांकडून सात पानांची नियमावली आली. नायकाला जखम होता कामा नये, कुणाचं लग्न लावायचं नाही, एकही ग्रह नष्ट करायचा नाही. म्हणून मी दुसऱ्या भागातला मालवाहू यानाचा पायलट निवडला. तो पडद्यावर दोनच मिनिटं दिसतो. वेढ्यात अडकलेल्या वस्तीला औषधं पोचवतो, एक वाक्य बोलतो आणि निघून जातो. तरी लोकांचा त्याच्यावर फार जीव. त्याच्यासाठी नियम एकच होता, त्यानं हेल्मेट काढायचं नाही.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला भरपूर बोलायला लावलं. चित्रकार कोल्हापूरचे होते. त्यांचा फोन आला, "मॅडम, एका चौकटीत सत्तर शब्द आहेत. पायलटला बसवू कुठं?" मी बोलणं छाटलं, तर चोवीसपैकी दहा पानं रिकामी झाली. यानात एकटा माणूस. तो दहा पानं करणार काय?

दिवाळीच्या सुट्टीत मी तांड्यावर गेले. माझ्या वडिलांनी तीस वर्षं ट्रक चालवला, त्यातही बहुतेक वेळ रुईच्या गाठीच वाहिल्या. घरी ते आमची बंजाऱ्यांची गोर बोली बोलतात, पण गाडीचा विषय निघाला की वऱ्हाडीवर येतात.

"बा, गाडीत एकटाच राहे तं काय करे तू?"

"काय करन? गाडी चालवो."

"अन् बाकीचं?"

"दोर पाहो. दर दोन घंट्यानं खाली उतरून दोर पाहाचा. माल सरकला तं गाडी आपली नाही राहत, मालाची होते."

मग त्यांनी सांगितलं की एकदा पाऊस होता म्हणून ते उतरले नाहीत. घाटातल्या वळणावर गाठी डावीकडे सरकल्या आणि उजवीकडची चाकं उचलली गेली. त्यांनी गाडी सरळ केली, कडेला लावली आणि तासभर दगडावर बसून राहिले. नंतर सगळा माल एकट्यानं पुन्हा बांधला.

याडी, म्हणजे माझी आई, चुलीपाशी होती. ती बाहेर आली. "हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही," ती आमच्या बोलीत म्हणाली.

"तुले सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी जाऊ देलं असतं काय?"

त्या रात्री तिनं त्यांचं ताट माझ्या हाती पाठवलं.

ती दहा पानं मी तांड्यावरच लिहिली. शत्रू मागे लागलेला असतो म्हणून पायलट एकदा पट्टे तपासायचं टाळतो, आणि वळताना औषधांच्या पेट्या सरकतात. चित्रपटवाल्यांच्या तपासनिसानं हरकत घेतली की अंतराळात वजन नसतं, मग पेट्या सरकतील कशा? मी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "वजन नसन, पण जडत्व तं आहे ना! एसटी वळली का तुम्ही कुठं जाता, मॅडम?" मी हेच जरा नीट भाषेत लिहून पाठवलं, आणि मंजुरी आली. पायलट जेवतो ते पान मात्र हेल्मेटमुळे परत आलं. मग मी एका चौकटीत त्याच्या हातात भाकरी दिली आणि पुढच्या चौकटीत हात रिकामा ठेवला. त्यावर हरकत आली नाही.

कॉमिक छापून आलं. बानं चष्मा लावून, प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत ते दिवसभर वाचलं. संध्याकाळी मला बोलावलं.

"हा काहून उलटा वळवून राह्यला? माल डावीकडं गेला तं डावीकडंच घ्या लागते. हा तं मेला असता."

मी चित्रकारांना कळवलं. त्यांनी पुढच्या छपाईत ती चौकट नव्यानं काढली.

वर्षभरानं नवा चित्रपट आला. मी बा आणि याडीला यवतमाळला घेऊन गेले. पहिल्याच प्रसंगात पायलटनं हेल्मेट काढलं. आत माणूस नव्हताच, यंत्र होतं. थिएटरात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चाहत्यांनी निकाल देऊन टाकला की यंत्र भाकरी खात नाही, तेव्हा मराठी कॉमिक आता मूळ कथेत धरायचं नाही. मला वाईट वाटलं. मी त्या लोकांना उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं, असं तीनदा झालं. शेवटी मोबाइल याडीकडे ठेवायला दिला.

पुढे संपादकबाईंनी नव्या आवृत्तीसाठी चार ओळींचा खुलासा मागितला. मी लिहिलं की ही गोष्ट नव्या चित्रपटाच्या आधी लिहिलेली आहे, दोन्हींत फरक आहे आणि तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. त्यांनी "मुद्दाम" हा शब्द काढला. मी फोन करून तो परत घालायला लावला.