एक जूनची आरोपी

ती शुक्रवारची दुपार आजही आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वॉरंट पथकात मी नुकताच लागलो होतो. सरकारी मदतीसाठी अर्ज करणाऱ्यांची नावं आमच्याकडे यायची, ती फरारी लोकांच्या यादीशी कॉम्प्युटरवर ताडून पाहायची. नाव आणि जन्मतारीख जुळली की अर्जदाराला वेल्फेअर ऑफिसातच गाठायचं. सावज स्वतःच्या पायांनी येतं, वर रांगेत उभं राहतं!

त्या दिवशी प्रिंटआउटवर चक्क मराठी नाव आलं, गावोगावी सापडणारं. शेजारच्या काउंटीत घरकामाला राहून दागिने लांबवलेली, जामिनावर सुटून पळालेली बाई. नाव, आडनाव, जन्मतारीख, साल, सगळं तंतोतंत. पथकात मराठी येणारा मी एकटा. सार्जंट म्हणाला, "धिस वन इज युअर्स." मला आभाळ ठेंगणं झालं.

बाई पन्नाशीच्या, विधवा. सोबत बारा वर्षांची मुलगी. बाईंना आतल्या खोलीत नेलं तेव्हा मुलीने बाकावरूनच मला विचारलं, "इज माय मॉम इन ट्रबल?" मी दार ओढून घेतलं. चार वाजता आईची रवानगी तुरुंगात, ठशांचा तज्ज्ञ येणार सोमवारी, आणि तोवर मुलगी परक्यांच्या घरी. त्यांचं इथे दुसरं कोणी नव्हतं.

मी आवाज चढवूनच सुरुवात केली.

"जन्मतारीख एक जून?"

"हो."

"मग दागिने कुठे आहेत?"

बाई घाबरल्या नाहीत, उखडल्या. "कसले दागिने? सहा वर्षं पॅकिंगच्या फॅक्टरीत उभी होते मी. गुडघे गेले म्हणून हा अर्ज. कुणाच्या घरी कपबशी नाही विसळली कधी!"

खोटं बोलणारा माणूस आधी खुलासे देतो, चिडतो मागाहून. हे मला माहीत होतं, पण पहिल्या शिकारीची धुंदी वाईट.

"मावशी, नाव जुळतं, तारीख जुळते. दोघींचं इतकं कसं जुळेल?"

त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "गावच्या शाळेत होतास का रे?"

"हो."

"मग तुझी जन्मतारीख काय?"

मी खिशातलं लायसन्स काढलं. एक जून! आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी सरसकट एक जून लावून मोकळे व्हायचे. आमच्या निम्म्या वर्गाचा तोच वाढदिवस. दोनच आठवड्यांपूर्वी याच सार्जंटने मला केक आणला होता, तो खाताना डोक्यात काही आलं नव्हतं!

मी धावत जाऊन माझं लायसन्स त्याच्या टेबलावर आपटलं आणि सगळं सांगितलं. तो हसला. "सो दॅट केक वॉज फॉर अ फेक बर्थडे? ओके. यू हॅव टिल फोर."

तीन वीस झाले होते. शेजारच्या काउंटीला फोन लावला. त्यांच्या क्लार्कला फरारी बाईचं ठशांचं कार्ड शोधायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी खुर्चीत बसलो नाही. "उजवा अंगठा?" मी विचारलं. वर्तुळं, क्लार्क म्हणाली. म्हणजे आपण ज्याला चक्र म्हणतो ते. मी मावशींच्या उजव्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला, भिंग धरलं. शंख! उघडा, स्वच्छ शंख! मी ओरडलोच. सार्जंटने स्वतः भिंगातून पाहिलं आणि सुटकेच्या कागदावर सही केली. घड्याळात चारला सात कमी होते.

कागद जुळला म्हणजे माणूस जुळला असं नव्हे, हे त्या दुपारी मला कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत अंगठा पाहिल्याशिवाय मी कुणाला बेडी घातली नाही.

मुलगी आईला बिलगून होती. मावशी मदतीचा अर्ज पुन्हा भरायला बसल्या, पण जन्मतारखेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"खरा जन्म नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा, एवढंच आई सांगायची. आता काय लिहू?"

"एक जूनच लिहा, मावशी," मी म्हणालो. "कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. आपण एकाच दिवशी जन्मलोय."