लंगड्या गेंड्याला उभं करताना

मिस्त्रींच्या हातून आयुष्यभर खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे आणि फाटकं तयार झाली. वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. म्हणून संग्रहालयातून बोलावणं आलं, तेव्हा त्यांना वाटलं, असेल एखादं फाटक. तिथे गेल्यावर कळलं, की लाखो वर्षांपूर्वीच्या एका बिनशिंगी गेंड्याला उभं करायचंय.

त्याची हाडं दगडातून सोडवण्याचं काम एक बाई कित्येक वर्षं करत होत्या. सुई, ब्रश आणि पातळ डिंक, एवढ्यावर सगळा कारभार. खोलीभर वाळूच्या पिशव्यांवर हाडं निजवलेली. मिस्त्रींनी सहज एका बरगडीला हात घातला, तशा बाई ओरडल्या, "एका हाताने नाही, मिस्त्री! हाडाचा दगड झालाय, तरी काचेसारखा फुटतो."

आयुष्यभर ठिणग्या अंगावर घेतलेल्या माणसाने चटका बसावा तसा हात मागे घेतला. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "हे काम आपल्याच्याने व्हायचं नाही. हे हात हातोड्याचे."

"त्याच हातांनी नातीची वेणी घालता की. ती कधी ओरडली का?"

"रोज ओरडते."

"पण घालून घेते ना तुमच्याकडूनच?"

मिस्त्री परत कामावर गेले.

खऱ्या हाडांजवळ आग न्यायची नाही, म्हणून बाईंनी त्यांना प्लास्टरच्या प्रतिकृती करून दिल्या. त्यांवर बेतून मिस्त्री सळ्या वाकवत, जोडत, कानशीने घासत. मग आत दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा लावून खरं हाड ठेवत. एकाही हाडाला भोक पाडलं नाही. अंगठीत खडा बसवावा तसं प्रत्येक हाड आपापल्या कोंदणात, आणि हवं तेव्हा एकटं काढता येईल असं.

सगळं छान जुळत आलं आणि घोडं अडलं. गेंड्याचा पुढचा डावा पाय जमिनीला टेकेना. मिस्त्रींनी ओळंबा लावून पाहिला, सळी कापून पुन्हा जोडली, पाय अधांतरीच. त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी ते बाईंना म्हणाले, "माझंच कुठंतरी चुकतंय."

बाईंनी दोन्ही पायांची हाडं खिडकीतल्या उजेडात शेजारी शेजारी ठेवली. डाव्यावरच्या जाड फुगवट्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "तुमचं नाही चुकलं. हा पाय मोडला होता, मिस्त्री. आखडून जुळलाय. आणि त्यानंतरही हा बरीच वर्षं जगलाय."

"म्हणजे लंगडत होता?"

"लंगडतच. खाली उंचवटा करून झाकता येईल म्हणा."

"झाकायचं कशाला? चालत होता तसाच उभा करू."

बोलून तर बसले, पण लंगडणारं जनावर भार टाकतं कसा? गल्लीत एक लंगडा कुत्रा होता. मिस्त्री त्याच्या मागे मागे फिरू लागले. तो थांबला की थांबायचे, वाकून त्याचे खांदे बघायचे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. बायकोही वैतागली, "अहो, लोक काय म्हणतील!"

"अगं, दुखरा पाय टेकताना तो मान वर घेतो, पाहिलंस?"

तिने खरंच पाहिलं, आणि म्हणाली, "हो की."

मिस्त्रींनी मानेचा आणि खांद्यांचा सगळा लोखंडी सांगाडा तोडून नव्याने केला. बाईंनी त्यासाठी नव्या प्रतिकृती ओतून दिल्या. मान वर गेली, डावा खांदा खाली आला आणि पाय जमिनीला टेकला.

दालन उघडलं त्या दिवशी बायको गेंड्याभोवती फिरली. हाडांच्याच रंगात रंगवलेलं लोखंड तिच्या नजरेला पडेना. तुमचं काम कुठंय, असं विचारायला ती नवऱ्याकडे वळली, पण तिची नजर पुन्हा गेंड्याच्या डाव्या पायावर गेली. नकळत तीही त्याच्यासारखाच उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली.

"किती दुखत असेल हो याला," ती म्हणाली, "तरी निघालाय बघा चालत."