हुंडेखोर सासऱ्याची भूमिका

मी हौसेनं सुना छळतो.

म्हणजे सुट्टीच्या दिवशी. एरवी मी सरकारी ऑफिसात बाबू आहे. टीव्हीवर गुन्ह्यांच्या गोष्टी दाखवणारी एक मालिका आहे, तिचं शूटिंग आमच्या रायपुरात चालतं. हुंड्यापायी सून छळणारा सासरा लागला, की मलाच फोन येतो. तुमच्या चेहऱ्यातच काहीतरी आहे, असं डायरेक्टर म्हणतो. (काय आहे ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.) आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातला पानवाला मला 'हिरो' म्हणतो. बायको, सुमन, म्हणते, "डोळे काहून वटारून राहिले तुम्ही? पोट दुखते का?" पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

पण आमच्या निखिलचं लग्न अडलं ते माझ्यापायीच, असं तिचं ठाम मत. दोन स्थळांनी मला टीव्हीवर पाहिलं आणि फोन उचलणंच बंद केलं. तिसरं स्थळ समता कॉलनीतल्या वानखेड्यांचं. त्यांची पल्लवी निखिलला भलतीच आवडली होती, त्यामुळे त्यांच्या घरी जाताना सुमननं मला ऑटोतच दम दिला.

"तिथं ॲक्टिंगचं नाव काढाल तर पाहा. हे स्थळ गेलं ना, पोट्टा तुमचं तोंड नाही पाहणार."

"हव," मी म्हणालो.

पोहे आले, वर झणझणीत तर्री. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मुलीचे वडील म्हणाले, "तुम्हाले कुठंतरी पाहिलं बुवा."

सुमननं माझा पाय दाबला. पण कलावंताला कोणी ओळखतं आहे आणि तो पोहे खात बसला, असं कधी झालंय का?

"टीव्हीवर," मी नम्रपणे म्हणालो.

वानखेडेभाऊंचा चमचा थांबला. "सुनेले गच्चीवरून ढकलणारा?"

"तोच."

"काहून करता हो असं?" मुलीच्या आईनं, वानखेडेवहिनींनी विचारलं, जणू मी कालच ढकलून आलो होतो.

आता गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. हा निव्वळ अभिनय आहे हे पटवायला अभिनयच करून दाखवावा, असं मला वाटलं. (अशी बुद्धी मलाच सुचते.) मी उठलो, भुवया चढवल्या आणि गरजलो, "गाड़ी नहीं आई, तो अपनी बेटी वापस ले जाओ!"

त्याच क्षणी पल्लवीचे मामा दारात उभे. सिलतऱ्याच्या कारखान्यातून थेट आलेले, हातात जिलबीचा पुडा. त्यांनी पुडा नीट टेबलावर ठेवला आणि माझी कॉलर धरली.

"घरात येऊन गाडी मागून राहिला का बे?"

"मी ॲक्टिंग करून राहिलो, मामा!"

निखिलनं डोकं धरलं. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुडवलं यांनी माझ्या पोट्ट्याचं लग्न," ती म्हणाली. वानखेडेभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला हात जोडले. तो निरोपाचा नमस्कार होता. मला खरोखर रडू आलं.

तेवढ्यात आतून पल्लवी आली आणि रायपूरच्या पोरींसारखी थेट हिंदीतच सुरू झाली.

"मामा, छोड़ो अंकल को. मैंने वो एपिसोड देखा है. धक्का देते-देते इन्होंने बहू का हाथ पकड़ लिया था, कहीं सच में गिर न जाए. ये किसी को क्या सताएँगे?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मग वानखेडेभाऊही हसत खाली बसले. मामांनी माझी कॉलर सारखी केली आणि कानात म्हणाले, "गाडीचं पाहू आम्ही, पण असं पोह्यावर मागतात का?"

"काहीच नको हो," मी म्हणालो. तेही त्यांना मालिकेतला संवादच वाटलं असावं.

लग्न झालं. सून मजेत आहे. परवा आम्ही सगळे माझा नवा एपिसोड पाहत होतो. सून एवढी हसली, की तिला ठसका लागला. टीव्हीवर मी तेव्हा खून करत होतो.