रांगेतले चौदा दगड

अराबाशी माझं भांडण बावीस वर्षांचं आहे. तिचा पक्ष ताडाच्या झाडाचा, माझा ढोलाचा. दर चार वर्षांनी घानाला राष्ट्राध्यक्ष निवडायचा असतो आणि दर चार वर्षांनी आमच्या गावच्या शाळेतल्या आंब्याखाली, मतदान केंद्राच्या एकाच बाकावर, आम्ही दोघं आपापल्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून शेजारी बसतो. मी निवृत्त मास्तर. ती मासे धुरावर सुकवून विकणारी, आईकडून आलेल्या होडीची मालकीण. तिची सही बघाल तर हसाल. पण गावातली कुठली म्हातारी कुठल्या लेकाचं ऐकून मत देते, हे तिला तोंडपाठ. माझं मात्र यादी बघितल्याशिवाय चालत नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात तिचा उमेदवार येणार म्हणून तिने चाळीस माणसांचा बांकू, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे, रांधला, मासे तळले. साहेबांची गाडी गावातून गेली ती काच वर करूनच. मी म्हटलं, "काय गं, साहेबांनी वास तरी घेतला का?" ती म्हणाली, "तुझ्या साहेबांना आमच्या गावाचा रस्ता तरी ठाऊक आहे का? बस, जेव." मी बसलो. मासे चांगले झाले होते, हेही सांगून टाकतो.

मागच्या खेपेला या केंद्रावर ती नऊ मतांनी हरली होती. या वेळी जिंकायचंच, असा तिने चंग बांधला होता. पहाटे पाचला दार वाजवून लोकांना उठवायची, संध्याकाळी तेच दार वाजवून सकाळचं बोलणं लक्षात आहे का ते विचारायची. माझी बायको एकुआ पक्की ढोलवाली, पण तिलाही अराबाने सोडलं नाही.

मतदान आलं बुधवारी. मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात जात नाही, तो दिवस दर्याचा. त्यामुळे बुधवारी किनाऱ्याजवळ मासा दाटलेला असतो. नाताळ तोंडावर. अराबाला राहवेना. "दुपारी बारापर्यंत परत या," असं बजावून तिने आपली होडी पाठवली. तांडेल एबो आणि तेरा गडी. रांगेत त्यांच्या नावाने तिने चौदा दगड मांडले, जागा धरायला सगळेच मांडतात तसे.

इथे एक गोष्ट कबूल करतो. दहाच दिवसांपूर्वी एबो माझ्या ओट्यावर येऊन गेला होता. आमच्या पक्षाने होडीच्या इंजिनाला स्वस्त इंधन देण्याचं वचन दिलं होतं. "मास्तर, आम्ही दहा जण ढोलाला देणार. आईला बोलू नका," म्हणाला. होडीवरचे सगळे गडी अराबाला आईच म्हणतात. मी बोललो नाही.

बारा वाजले, एक वाजला. होडी नाही. रांग पुढे सरकली की अराबा बाकावरून उठायची आणि पायाने एकेक दगड पुढे ढकलायची. तीन वाजता दगड पेटीपाशी पोचले, तेव्हा ते उचलून पुन्हा शेवटी नेऊन मांडले. कमरेला हात लावत, दोन-दोन करून.

"अगं, दगडांना मत नसतं," मी म्हटलं.

"तुझ्या पक्षात तेच तर देतात," ती म्हणाली. रांग हसली. मीही हसलो, आणि मनात म्हटलं, ढकल बाई, ढकल, माझेच दहा आहेत त्यात.

केंद्राच्या अधिकारी बाईंनी निक्षून सांगितलं, "पाचच्या ठोक्याला जो माणूस रांगेत असेल, तो मत देईल. दगड मी धरणार नाही."

साडेचारला होडी दिसली. इंजिन बंद पडलेलं, पोरं वल्ही मारत येत होती. लाटांपाशी आली तेव्हा पाचला वीस कमी. होडी तारलीने काठोकाठ भरलेली. भरली होडी दोराने वर ओढायला चौदा माणसांना अर्धा तास लागतो, आणि ती लाटांत सोडून कुणी जात नाही. अराबा खाली धावली, कमरेइतक्या पाण्यात शिरली. शाळा उंचावर आहे, आणि तिचा आवाज मुळातच मोठा.

"होडी सोडा! वर पळा!"

"आई, जाळं भरलंय! होडी फुटेल!"

"फुटू दे! मासे शुक्रवारी मिळतील. हे मिळायला चार वर्षं लागतील. पळ म्हणते ना!"

ते पळाले. अंगावर खवले, चड्ड्यांतून पाणी गळतंय. त्यांची मतदार कार्डं घेऊन त्यांच्या बायका रांगेत उभ्याच होत्या. शेवटी एबो पोचला आणि पाचला एक मिनिट कमी असताना, रांग इथे संपली म्हणून, पोलीस त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. पाण्याने सुरकुतलेली बोटं ठसे तपासणाऱ्या यंत्राला ओळखू येईनात, तेव्हा बायकांनी ती पदरासारख्या गुंडाळलेल्या कापडांनी पुसून पुसून कोरडी केली.

आणि खाली होडी आडवी होत होती. अराबाने एकटीने दोर खांद्यावर घेतला होता. तिच्या मागे दोर धरणारी पहिली बाई माझी एकुआ. मग ताडवाल्या, ढोलवाल्या, सगळ्याच उतरल्या. होडी वर आली, पण एका बाजूची फळी फुटली आणि निम्मी तारली समुद्राने परत नेली.

मला बाकावर बसवेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या पक्षाची मतं नकोशी झाली.

मोजणी झाली. ढोल दोनशे नऊ, ताड दोनशे पाच. ते चौदा आले नसते तर अराबा दोन मतांनी जिंकली असती. हे मला कळत होतं आणि तिला कळत नाही, असं मी समजत होतो. तिने ओल्या कपड्यांनीच निकालपत्रावर आपली ती वाकडी सही केली.

"अराबा," मी म्हटलं, "एक सांगायचंय. त्या पोरांतले..."

"दहा तुझे," ती म्हणाली. "एबो तुझ्या ओट्यावर आला, त्याच रात्री त्याच्या बायकोने सांगितलं."

"मग मासे सोडून त्यांना कशाला पळवलंस?"

"त्यांना समुद्रावर कुणी धाडलं? मी. माझ्या माशांपायी चौदा माणसांचं मत बुडालं असतं, तर पुन्हा कुठल्या तोंडाने दार वाजवलं असतं रे मी?" तिने लुगडं पिळावं तसं कमरेचं कापड पिळलं. "हरले ते हरले. सरक, जाऊ दे मला."

ती खाली गेली. एबो फुटलेल्या फळीपाशी मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आता त्याची खैर नाही.

"फळी उद्या बसवू," ती म्हणाली. "आणि एबो, ते स्वस्त इंधन आलं का, हे मी तुला आजपासून दर बुधवारी विचारणार आहे."