सरकारी टीव्हीवाले आले!

आमच्या कामात बातमी संध्याकाळी संपते, पण ती मिळवताना झालेली फजिती साठतच जाते. जळगाव-धुळ्याच्या बातम्या मी सरकारी टीव्हीला पाठवतो. कॅमेरामन सलीम. गाडीत बसलो की आमचे किस्से सुरू. दुपार कलली की मात्र मी बातमीपत्राच्या धास्तीने सारखं घड्याळ बघतो, आणि त्याचं एकच, "सर, टेन्शन मत लो!"

* * *

सुरुवातीला कॅसेट एसटीने जायची. कंडक्टरच्या हातात द्यायची, मुंबईत ऑफिसचा माणूस उतरवून घ्यायचा. एकदा मंत्र्यांच्या दौऱ्याची कॅसेट पोचलीच नाही. मुंबईहून फोनवर फोन! मी स्टँडवर येरझाऱ्या घालतोय. शेवटी कंडक्टरचा फोन आला.

"साहेब, कॅसेट एकदम सुखरूप आहे. फक्त माझी ड्यूटी बदलली. मी सुरतेला आहे!"

* * *

मुक्ताईनगरकडे वादळात केळी आडवी झाली. बागेत पोचलो. मालकाने विचारलं, "कोणतं चॅनल?"

"सरकारी."

त्याचा चेहराच पडला. "तुमचे लोक तर ओरडत नाहीत हो! मग माझं नुकसान मोठं वाटणार कसं?"

* * *

धुळ्याकडचा आमचा जुना प्रक्षेपण टॉवर बंद झाला, ती बातमीही मीच केली. नोकरीचं सगळं आयुष्य तिथं काढलेल्या नानांनी बटण दाबलं. खोलीतली घरघर थांबली. मी माईक पुढे केला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. खेड्यातले एक आजोबा होते. "चित्र दिसत नाही हो!"

नाना सवयीने म्हणाले, "अँटेना जरा डावीकडे फिरवा."

मग रिसीव्हर तसाच हातात धरून बसले. सलीमने कॅमेरा खाली घेतला.

* * *

साक्रीजवळच्या एका गावात पाण्याच्या नवीन टाकीची बातमी होती. रेंज नाही, बातमीपत्राची वेळ तोंडावर, मी नुसता तडफडतोय. समोर दिसल्या त्या सोनाअक्कांना घाईघाईने विचारलं, "अक्का, नळाला पाणी येतं का?"

अक्कांनी माईकच ओढून घेतला आणि कॅमेऱ्यात बघत सुरू झाल्या. "पानीनं जाऊ दे. सुरेश, म्हैस व्यायनी. खरवस करेल शे. घर येई जाय!"

सुरेश म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतेला कामाला. होळीलाही आला नव्हता, फोन उचलत नव्हता. तेवढं कापायला वेळच नव्हता. डोंगरावर चढून, रेंज पकडून तसंच पाठवलं आणि तसंच ते लागलंही!

मुंबईहून साहेब कडाडले, "ही बातमी आहे की निरोप?" माझा करार संपत आला होता. त्या आठवड्यात मला धड झोप नाही. फोन वाजला की दचकायचो.

आणि एका सकाळी अक्कांचाच फोन. "भाऊ, सुरेश घर उना!"

माझा जीव भांड्यात पडला. "वा! मग अक्का, आता खूश ना?"

"कसानी खूश! बायको, पोरे, बठ्ठा संसार लई उना. आते जावानं नाव नही लेस. तू कॅमेरा लई परत कवय येशी? आते त्याले 'जाय' सांगनं शे!"