लिमरिककाकांचं भांडण

लिमरिककाका कुणालाही नावं ठेवत नसत. मंडळाच्या गणपतीत ज्यांनी त्यांना दीड तास उन्हात पार्किंग सांभाळायला उभं केलं त्यांनाही नाही, आणि वर्षातून दोनदा तोंड दाखवणाऱ्या स्वतःच्या मुलालाही नाही. नावं ठेवायची ती फक्त कॉर्कला. कॉर्क हे आयर्लंडमधलं एक शहर, लिमरिक हे दुसरं. काका मूळचे अमरावतीचे, पण डॉक्टर होऊन देश सोडला तो थेट लिमरिकच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून. तिथे सहा वर्षं काढली आणि मग अमेरिका. पुढची सगळी हयात इथे गेली, तरी आमच्या मॉरिसव्हिलमध्ये त्यांना कुणी 'कुठले?' म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "लिमरिकचा." आता अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार?

आमचं घर त्यांच्या उजवीकडे. डावीकडे डेनिस राहायचा, बस चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेला, आणि हाडाचा कॉर्कवाला. रोज सकाळी आठला दोघं आपापला चहाचा मग घेऊन फेन्सशी यायचे आणि भांडायला सुरुवात करायचे. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी झाड कुणाच्या तरी हद्दीत गेलंय. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, कटकटीच्या जागी घर घेतलंस बाबा.

डेनिस म्हणायचा, समुद्रावरून पाऊस येतो तो आधी कॉर्कला, आणि आमचा वापरून झाला की उरलासुरला लिमरिकला जातो. काका म्हणायचे, तुमची नदी शहरात शिरताना दोन फाटे करते, कारण धड एका नदीची ऐपत नाही. आमची शॅनन नदी पाहा, शॅनन! डेनिस कॉर्कमधल्या घंटेच्या मनोऱ्याचं कौतुक सुरू करायचा, की काका शांतपणे म्हणायचे, "ज्या गावाच्या मनोऱ्यावरची चार घड्याळं चार वेगळ्या वेळा दाखवतात, त्या गावाने मला शहाणपण शिकवू नये." डेनिस हसून हसून हातातला चहाचा मग खाली ठेवायचा.

एकदा मी काकांना विचारलं, एवढं काय आहे हो त्या लिमरिकमध्ये? तर म्हणाले, पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे धड कोट नव्हता. घरमालकिणीने वारलेल्या नवऱ्याचा कोट कपाटातून काढला, बाह्या आखूड केल्या आणि काही न बोलता खुंटीला लावून ठेवला. "अमरावतीत जन्मलो, पण मोठा तिथे झालो गं. हे इथे सांगू कुणाला?" खरंच होतं. घरोघरचा एकेक पदार्थ आणून आमचं पॉटलक जेवण व्हायचं, तिथे काकांनी आयर्लंड काढलं की कुणीतरी म्हणायचं, म्हणजे लंडनच्या जवळच ना काका? आणि विषय ग्रीन कार्डावर जायचा. काकू जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो पाऊस ज्याने अंगावर घेतलाय असं दहा-वीस मैलांत एकच माणूस, आणि तो नेमका कॉर्कचा.

डेनिस एकदा पंधरा दिवस बहिणीकडे बॉस्टनला गेला. तिसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले आणि स्वयंपाकघरात बसून मला म्हणाले, तू कॉर्कची बाजू घे. आता मी सांगलीची, मोठ्यांना उलटून बोलायचं नाही या वळणात वाढलेली. काका काहीही म्हणाले की माझं आपलं 'हो ना काका', 'बरोबर आहे काका'. दहा मिनिटांत त्यांनी चहा संपवला. उठताना म्हणाले, "तुझ्याशी बोलण्यात काही राम नाही. फार गुणाची आहेस तू." मी दिवसभर खट्टू होते.

मग डेनिस आजारी पडला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, उशिरा कळलेला. त्याच्या मुलीने त्याला वीस मिनिटांवरच्या, रुग्णांची काळजी घेणाऱ्या एका होममध्ये ठेवलं आणि आम्हाला बजावलं की किती दिवस उरलेत ते त्याने स्वतः विचारल्याशिवाय कुणी सांगायचं नाही. तो विचारतच नव्हता. उन्हाळ्यात घरी येईन म्हणायचा. काकांची नजर कमी झाल्यामुळे ते ड्राइव्ह करत नसत, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना घेऊन जायचे. तिथेही भांडण जोरात चालायचं. नर्सबाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. मला वाटतं, डेनिस त्यावरच तग धरून होता. हा माणूस माझ्याशी असा कचाकचा भांडतोय, म्हणजे मी काही एवढ्यात जात नाही, असा त्याचा हिशेब असावा.

एका शुक्रवारी तो फारच वाळलेला दिसला. तरी आम्हाला बघून त्याने पावसाचं सुरू केलं, आणि अर्ध्यातच त्याला धाप लागली. काकांनी त्याचं मनगट हातात घेतलं, दुसरा हात कपाळावर ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "यू आर राइट, डेनिस. कॉर्क इज द बेटर सिटी."

 डेनिस काकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इतकं वाईट आहे का, डॉक्टर?" आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

परत येताना गाडीत काकांचं एकच चाललं होतं. भूल देताना पेशंट काहीही बोलला तरी हो म्हणायचं, मनगट धरून हो म्हणायचं, म्हणजे तो निर्धास्त झोपतो. जन्मभर हेच केलं, ते तोंडातून निघून गेलं, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. "त्याच्या मुलीने एवढं जपलं आणि मी डॉक्टर असून त्याला सांगून टाकलं गं." मी म्हटलं, काका, तुम्ही चांगल्या मनानेच बोललात. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते बूट घालून आमच्या दारात उभे. "गाडी काढ. मला भांडायचंय."

आम्ही पोचलो तेव्हा डेनिसला मॉर्फिन सुरू झालं होतं. डोळे मिटलेले, श्वास संथ. काकांनी खुर्ची ओढली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. काल मी खोटं बोललो म्हणाले, कॉर्क हे काय शहर आहे? शॅननपासून घड्याळांपर्यंत सगळं काढलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, त्याला उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यायचे. उत्तर येत नव्हतं. मग थोड्या वेळाने डेनिसचं उत्तरही काकाच द्यायला लागले, अगदी त्याच्यासारखा हेल काढून, आणि पुन्हा स्वतःच खोडायला लागले. दीड तास चाललं हे. मला ते बघवेना, मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडून घेतलं. रविवारी डेनिस गेला. काकांचं त्याला ऐकू गेलं की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

डेनिसच्या घरात हैदराबादचं एक कुटुंब आलं. माणसं छान, येता-जाता 'नमस्ते अंकल' करणारी. काका हसून हात हलवायचे, पण फेन्सकडे फिरकायचे नाहीत. चहासुद्धा घरात, पडदा ओढून. शेवटी दूरच्या राज्यातून मुलगा येऊन म्हणाला, बाबा, आता वेस्ट विंडसरला आमच्याकडे चला. काकांनी एका शब्दानेही विरोध केला नाही. मला वाटलं होतं, निदान थोडा हट्ट करतील.

एअरपोर्टवर मी सोडायला गेले. मुलगा बॅगा चेक-इन करत होता. काका बाकावर बसले होते, कोट मांडीवर घेऊन. मी मनाचा हिय्या केला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला तोंडावर खोडून काढायचं होतं. म्हटलं, "काका, मी सगळं नीट वाचलंय. लिमरिकचं काही खरं नाही. कॉर्कच भारी."

त्यांनी वर पाहिलं. माझा हात हातात घेतला, मनगटाशी, आणि मऊ आवाजात म्हणाले, "असेल गं. चांगलंच आहे कॉर्क."

 डेनिसला त्या शुक्रवारी काय वाटलं असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आता दर रविवारी सकाळी मी वेस्ट विंडसरला फोन लावते आणि कॉर्कची बाजू घेऊन तावातावाने बोलते. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. काका सगळं ऐकून घेतात, माझ्या मुलांची चौकशी करतात. अजून एकदाही त्यांनी मला खोडून काढलेलं नाही.