अकरा पोरी, सोळा नावं

विशाखा साळवे घमेंडखोर आहे असं सगळे म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हॅन्डबॉलच्या सामन्यात समोरची पोरगी उडी घेऊन बॉल मारायला आली की गोलमध्ये उभी असलेली विशाखा तिच्याकडे अशी बघायची, जणू ती चुकीच्या घरात शिरलीय. निम्म्या पोरी त्या नजरेनंच बिचकायच्या आणि बॉल बाहेर मारायच्या.

कन्नड गावच्या शाळेत, आठवीत असताना बद्रीनाथ सरांनी तिला पहिल्यांदा गोलमध्ये उभं केलं. पहिलाच बॉल नाकावर बसला. रक्त आलं, पण तिनं डोळे मिटले नाहीत. सर "बरं" एवढंच म्हणाले आणि पुढची चार वर्षं रोज शाळा सुटल्यावर तिच्या अंगावर बॉल मारत राहिले. वडील कडुबा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. तिच्या बारावीनंतर सगळं घरच त्यांच्याजवळ, वाळूजला लागून असलेल्या रांजणगावला आलं. लेकीच्या मांड्यांवरचे काळेनिळे डाग बघून आई सत्यभामा विचारायची, "मार खायचा खेळ हाय का गं ह्यो?"

"व्हय," विशाखा म्हणायची. "तोच हाय."

शहरात खेळायला लागल्यावर तिची गाठ जिल्हा हॅन्डबॉल संघटनेचे सचिव आप्पासाहेब यांच्याशी पडली. त्यांचं गुलमंडीच्या बाजारात ट्रॅकसूट आणि ट्रॉफ्यांचं दुकान होतं, आणि सचिव व्हायला तेवढी लायकी पुरली होती. आयुष्यात त्यांनी हॅन्डबॉल एकदाच हातात धरला, तोही फोटोसाठी, आणि फोटो छापून आल्यावर कळलं की तो बास्केटबॉल होता. विशाखाला ते नेहमी म्हणत, "तुमच्या लोकांत काटकपणा जात्याच असतो." हे कौतुक आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तुमचे लोक म्हणजे कोण, हे विशाखाला कळायचं. पण त्या माणसावर शब्द खर्च करणं तिला जिवावर यायचं.

एकोणिसाव्या वर्षी ती राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची कर्णधार झाली. निघायच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी दुकानात बोलावून तिच्यापुढं यादी ठेवली. यादीत सोळा नावं होती. सराव करणाऱ्या पोरी अकरा होत्या.

"ह्या पाच जणी कोण?"

"येतील त्या मागून. कर्णधाराची सही पाह्यजे खाली."

त्या मागून यायच्या नाहीत हे विशाखाला ठाऊक होतं. पाचातली एक मोनिका, आप्पासाहेबांची भाची. तिला पळताना कुणी पाहिलेलं नव्हतं. पण सही केली नाही तर गाडीत आपली जागा राहणार नाही, हेही ठाऊक होतं. तिनं सही केली. अकरा पोरी खेळल्या, तिसऱ्या आल्या. करुणा नावाच्या तिच्या मैत्रिणीनं शेवटचा सामना सुजलेल्या घोट्यानं खेळून सात गोल केले. घरी बसलेल्या पाच जणींनाही तेच प्रमाणपत्र मिळालं, त्याच शिक्क्याचं.

तीन वर्षांनी विशाखाला महिलांच्या एका नव्या व्यावसायिक लीगमध्ये घेतलं. करार झाला, हॉटेलात राहणं आलं, टीव्हीवर सामने आले. उपांत्य सामन्यात शेवटच्या सेकंदाला समोरच्या संघाला सात मीटरचा फटका मिळाला: मधे कुणी नाही, फक्त मारणारी आणि गोलकीपर. विशाखा चार पावलं पुढं आली, हात पसरले आणि मारणारीकडं नेहमीच्या नजरेनं बघितलं. बॉल तिच्या कोपरावर आदळून उडाला. संघ अंतिम फेरीत गेला. रात्रीच्या जेवणात संघाच्या मालकानं मॅनेजरला तिच्यासमोरच विचारलं, "यातली गोलकीपर कोणती?"

लीग एकाच हंगामात बंद पडली. ती परतली तेव्हा चौकात सत्काराचा फलक लागला होता. त्यावर आप्पासाहेब कमरेएवढे आणि विशाखा अंगठ्याएवढी, खाली लिहिलेलं: 'सुप्रसिद्ध व्हॉलीबॉलपटू'. ती सत्काराला गेली नाही. आप्पासाहेबांनी तिची शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि भाषण केलं.

पुढं मोनिका त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला लागली. विशाखाही त्याच प्रमाणपत्रावर पुढच्या भरतीत निवडली गेली, फक्त हजर व्हायचं बाकी होतं. तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली आणि त्या संघाच्या प्रमाणपत्रांची पडताळणी निघाली. यादीत मोनिकाच्या नावापुढं 'गोलकीपर' लिहिलेलं होतं आणि खाली सही विशाखाची.

आप्पासाहेब पहिल्यांदाच रांजणगावला घरी आले. खुर्ची रुमालानं पुसून बसले.

"चौकशीत फक्त एवढंच म्हणायचं, मोनिका खेळली म्हणून. पुढच्या साली राज्याच्या संघाची कोच तू."

"मोनिका गोलकीपर होती व्हय?"

"कागदावर हाय ना."

"मग कागदालाच बोलवा साक्षीला."

त्यांनी कडुबाकडं वळून पाहिलं. "समजावा पोरीला. तिचंबी नुकसान हाय यात."

कडुबा दुपारच्या पाळीवरून नुकतेच आले होते, हातपाय धूत होते. ते म्हणाले, "तिला समजलंय साहेब. तुमाला समजंना."

चौकशीच्या खोलीत मोनिका नोकरीच्या गणवेशात आली होती. चौकशी अधिकाऱ्यांनी तिला साधंच विचारलं, "सात मीटरच्या फटक्याला गोलकीपर कुठवर पुढं येऊ शकते?" मोनिका हळूच म्हणाली, "मला नाही माहीत. मामांनी सगळं केलं." तिला रडू फुटलं. विशाखाला तिची दया यायला हवी होती. आली नाही. दाराशी उभं राहायची हिंमत नसताना घरात शिरणाऱ्या माणसाबद्दल वाटतं तेच तिला वाटलं.

"ही सही तुमची?" अधिकाऱ्यांनी विशाखाला विचारलं.

"माझीच."

"म्हणजे तेव्हा खरं, की आता?"

"तेव्हा खोटं. मला ठाऊक होतं, तरी केली."

निकाल महिन्याभरानं आला. मोनिकाची नोकरी गेली. आप्पासाहेबांनी सचिवपद सोडलं आणि त्याच आठवड्यात सल्लागार झाले; दुकानाच्या पाटीवर तेवढा शब्द बदलला. पण यादीच खोटी ठरल्यामुळं त्या संघाची सगळी प्रमाणपत्रं रद्द झाली. खोट्या पाच आणि खऱ्या अकरा, सगळ्या एका रेघेत. विशाखाची नेमणूक गेली. करुणाचीही गेली, तीही निवड यादीत होती.

विशाखा नंतर दोन वर्षं परराज्यातल्या एका क्लबकडून खेळली, आणि आता वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात आहे. रविवारी कन्नडला जाऊन बद्रीनाथ सरांच्या पोरींना गोलमध्ये उभं करते. बॉल हातात न धरता खेळावर बोलणाऱ्या माणसांकडं ती अजूनही ढुंकून बघत नाही, आणि अशी माणसं तिला रोज भेटतात.

गेल्या दिवाळीच्या आधी ती आईसाठी लुगडं घ्यायला गुलमंडीत गेली. कापडाच्या दुकानात गादीवर साड्यांच्या घड्या घालत करुणा बसली होती. दोघींची चार वर्षांत गाठ पडली नव्हती.

"नऊवार दाखव," विशाखा म्हणाली.

करुणानं पाच-सहा लुगडी पुढं टाकली. मग घडी मोडता मोडता म्हणाली, "चौकशीत खरं बोललीस ते बरं केलंस. मला त्याचा राग नाय."

"मग?"

"आधी सही केलीस. आम्हाला इचारलं असतं तर आम्ही दहा जणी तुझ्या मागं उभ्या राहिलो असतो. तुला वाटलं, ह्यांना काय इचारायचं. तू आम्हालाबी तसंच बघायचीस, त्या समोरच्या पोरींसारखं."

विशाखानं तिच्या डोळ्यांकडं बघितलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. फक्त आजवर ती तिच्याकडून लोकांकडं जायची. जन्मभर तिला कमी लेखणाऱ्यांची तिनं कधी पर्वा केली नव्हती. ही मात्र लागली, कारण ही तिनं स्वतः ओढवून घेतली होती.

"व्हय," ती म्हणाली. "खरंय."

करुणानं हिरवं लुगडं उलगडून तिच्यापुढं धरलं. "हे घे. काकूला शोभंल."

विशाखानं ते घेतलं.